चिऊचा घास घरीच ठेवू या : प्रॉमला निघालेल्या मराठी मंडळींना खुले पत्र

लेबर डेच्या सुट्टीत मेलबर्नहून विल्सन्स प्रोमोंटरी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे आपल्या प्रॉमला, कॅम्पिंगसाठी निघालेल्या सर्व मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

यादी वाचली. अकरा कुटुंबं, लहानथोर मिळून एकेचाळीस माणसं, शनिवारी मिसळ, रविवारी पोहे, रात्री अंताक्षरी. वाचून खरंच आनंद झाला. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघं पहिल्यांदा प्रॉमला गेलो, तेव्हा टाइडल रिव्हरच्या अख्ख्या तळावर मराठी बोलणारं दुसरं कोणी भेटलं नव्हतं. आज आपली मुलं 'माउंट ओबेरॉन किती वेळा चढलास' म्हणून एकमेकांशी पैज लावतात. हे व्हायलाच हवं होतं.

पण त्या यादीखाली कोणीतरी मागच्या वर्षीचा एक फोटो टाकला आहे. आपल्यातलाच एक छोटा गवतात गुडघे टेकून वॉम्बॅटला, म्हणजे इथल्या एका बुटक्या रानप्राण्याला, पोळीचा तुकडा भरवतो आहे. फोटो गोड आहे, खाली बदामांची रांग लागली आहे. हे पत्र त्या फोटोमुळे लिहिते आहे. त्या मुलाला किंवा त्याच्या आईबाबांना बोल लावायला नव्हे. तो घास आपल्या सगळ्यांच्या घरातून आलेला आहे, माझ्याही.

२०१६ साली माझी आई दापोलीहून आमच्याकडे आली होती. तिला आम्ही प्रॉमला घेऊन गेलो. सकाळी तिने तंबूबाहेर गॅसवर पोळ्या केल्या आणि सवयीने पहिल्या पोळीचा चतकोर बाजूला काढला. घरी हा चतकोर गाईचा किंवा कावळ्याचा. इथे समोरच्या टी-ट्रीच्या झुडपात दोन किरमिजी रोझेला पोपट येऊन बसले होते, लालभडक अंग, निळे गाल, निळी शेपटी. आईने तुकडे करून त्यांच्यापुढे टाकले आणि मांडीवरच्या नातवाला म्हणाली, "हा घास चिऊचा, हा काऊचा, आणि हा बघ, या राघूचा." दोनाचे सहा राघू झाले, एक तिच्या खांद्यावर येऊन बसला. आई आनंदाने रडायचीच बाकी होती.

तेवढ्यात एक रेंजर बाई आल्या. त्या रागावल्या नाहीत. आईच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि मला म्हणाल्या, यांना समजावून सांगाल का. मग त्या सांगत गेल्या आणि मी मराठीत सांगत गेले. असे एका जागी गोळा झालेले पोपट एकमेकांना चोचीचा आणि पिसांचा एक विषाणूजन्य रोग देतात. पिसं झडतात, चोच वेडीवाकडी वाढते, पक्षी हळूहळू मरतो. मऊ पाव खायला मिळणाऱ्या कांगारूंच्या आणि त्यांच्याहून लहान वॉलबींच्या जबड्याला गाठी येतात, हाड सडतं, चावणं बंद होतं आणि भरल्या रानात तो प्राणी उपाशी मरतो. राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राण्यांना खायला घालणं कायद्याने मना आहे, दंडही होतो, हे त्यांनी अगदी शेवटी आणि हळू आवाजात सांगितलं.

आई गप्प झाली. हातातला उरलेला तुकडा तिने स्वतःच्या तोंडात टाकला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे वेळासच्या कासवांसारखंच की."

मला ते आधी कळलं नाही. मग आठवलं. वेळासला आम्ही कासव महोत्सवाला गेलो होतो. अंड्यांतून बाहेर आलेली ऑलिव्ह रिडलीची पिल्लं वाळूवर सोडतात, आणि सगळा गाव, सगळे पाहुणे दोरीच्या मागे उभे राहतात. पिल्लू उलटंसुलटं होतं, लाट त्याला मागे फेकते, बघणाऱ्याचा जीव तुटतो, तरी कोणी उचलून पाण्यात ठेवत नाही. त्याने स्वतः चालायचं असतं. माझ्या आईला ही गोष्ट ऑस्ट्रेलियात येऊन शिकावी लागली नाही. ती तिला आपल्याच किनाऱ्यावर माहीत होती, फक्त पोळीच्या तुकड्यापर्यंत तिने ती आणली नव्हती.

मुद्दा इतकाच आहे. मुक्या जिवाला घास घालणं हे आपल्याकडे पुण्य आहे. गोग्रास, काकबळी, मुंग्यांना साखर, या सगळ्यातून आपण वाढलो, आणि त्यातली माया खरी आहे. ती माया तशीच ठेवून तिची रीत इथे बदलायला हवी. गाय आपल्या दारातली, तिचं पोट आपल्या खरकट्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं. वॉम्बॅटचं तसं नाही.

वॉम्बॅटच्या पोटाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुलांना हे फार आवडतं आणि मोठ्यांना एकदा समजलं की पोळी आपोआप डब्यात जाते. हा वीस ते पस्तीस किलोचा, बुटका, ठासून भरलेल्या पोत्यासारखा प्राणी. खातो चरबट गवत, मुळं, साली. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि त्या चरबट खाण्यानेच झिजून नीट राहतात. खाल्लेलं पचायला त्याला आठ ते चौदा दिवस लागतात. अन्न आतड्यातून इतकं सावकाश सरकतं की त्यातला पाण्याचा जवळजवळ प्रत्येक थेंब शोषला जातो, आणि आतड्याची भिंत कुठे ताठ, कुठे सैल असल्यामुळे शेवटी बाहेर पडतात ते चक्क चौकोनी ठोकळे. दगडावर, ओंडक्यावर तो ते ठेवून जातो, आपली हद्द सांगायला. मुलांना ते शोधायला सांगा, तासभर तरी मोबाइल मागणार नाहीत. पण विचार करा, दोन आठवडे चालणाऱ्या या संथ भट्टीत आपण तेल, मीठ, मैदा आणि साखर टाकतो तेव्हा काय होत असेल.

हे सगळं ऐकून-वाचूनही माझ्या हातून चूक झालीच. २०१८ साली कप डे, म्हणजे मेलबर्न कपच्या घोडेशर्यतीची सुट्टी, आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली. लक्ष्मीपूजन बुधवारी, आम्ही मंगळवारपर्यंत प्रॉमला. सोबत फराळ होता. घास द्यायचा नाही एवढं मला पक्कं कळलं होतं. उघडा डबा म्हणजेही घासच, हे कळलं नव्हतं. बेसनलाडवांचा डबा पिशवीत, पिशवी तंबूच्या कोपऱ्यात, आणि आम्ही सगळे नॉर्मन बीचवर सूर्यास्त बघायला. परत आलो तर तंबूची एक बाजू खालून वर फाटलेली, डबा बाहेर गवतात, आणि वॉम्बॅट शांतपणे लाडू संपवत होता. आम्हाला बघून हललासुद्धा नाही.

तंबूचं काही नाही, तंबू दुसरा आला. मला बोचलं ते त्याचं न हलणं. रानातल्या प्राण्याने माणूस बघून निदान मान तरी वर करावी. शेजारच्या जागेवर एक वयस्कर जोडपं होतं, अनेक वर्षं तिथे येणारं. त्यांनी आम्हाला शिवायला सुई-दोरा दिला आणि म्हणाले, तो कापड फाडायला जन्मतः शिकलेला नाही, कोणीतरी आधी तंबूत खाणं ठेवलं होतं म्हणून त्याला कळलं की तंबूत खाणं असतं. माणसाला सरावलेला प्राणी पुढे माणसाच्या अंगावर येतो, पार्किंगमध्ये घोटाळतो, चाकाखाली येतो. कधी कधी त्याला पकडून दूर न्यावं लागतं, कधी त्याहून वाईट करावं लागतं. त्या रात्री मला झोप आली नाही. त्या एका वॉम्बॅटचं पुढे काय झालं याचा विचार अजूनही येतो.

म्हणून यादीतल्या सामानाबद्दल थोडं बोलते. मिसळीचा रस्सा, फरसाण, पाव, फळं, बाळांचं खाणं, कुत्रा घरी ठेवून येणाऱ्यांच्या पिशवीत राहून गेलेली कुत्र्याची बिस्किटंसुद्धा, सगळं रात्री आणि आपण जागेवर नसू तेव्हा गाडीत, काचा बंद करून. एस्की, म्हणजे बर्फाची पेटी, तंबूबाहेर ठेवून दगड ठेवला की झालं असं समजू नका. वॉम्बॅटला दगड ढकलता येतो. टूथपेस्ट आणि साबण यांचाही वास येतो, तेही गाडीत. ताटातलं खरकटं झाडाखाली ओतायचं नाही. 'कुजून जाईल की' हे आपण सहज म्हणतो, पण संत्र्याची साल तिथे महिनोन्‌महिने तशीच राहते, आणि मोड आलेली मटकी किंवा टोमॅटोचं बी त्या मातीत पडणं हे तर अजिबात नको. भांडी नदीत घासू नका, साबण कुठलाही असो. त्या नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस दिसतं, ते घाण म्हणून नव्हे. काठच्या टी-ट्रीच्या पानापाचोळ्यातून उतरलेला तो रंग आहे. मुलांना त्यात पोहू द्या, पातेली मात्र सिंकवर न्या.

गाडीबद्दलही. उद्यानाच्या फाटकापासून टाइडल रिव्हर सुमारे ३० किलोमीटर आहे, वळणावळणाचा रस्ता, आणि आपण सगळे शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणार म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत अंधार. नेमकी हीच वेळ कांगारू, वॉलबी आणि वॉम्बॅट बाहेर पडण्याची. वाटेत फिश क्रीक गावाला थांबा, चहा घ्या, मग पुढे गाडी अगदी सावकाश. दुर्दैवाने काही झालंच तर थांबून बघा. मादी मेलेली असली तरी पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं, आणि वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया या वन्यप्राण्यांना मदत करणाऱ्या संस्थेला फोन केला की ते मार्ग सांगतात. दिवसाढवळ्या एखादा वॉम्बॅट आंधळ्यासारखा फिरताना दिसला, अंगावरचे केस झडलेले, कातडी खपलीसारखी झालेली, तर त्याला खरूज झाली आहे असं समजा. माइट नावाचा सूक्ष्म किडा कातडीत शिरतो, उपचार झाले नाहीत तर प्राणी मरतो. जवळ जाऊ नका, जागा लक्षात ठेवून रेंजरला कळवा. तिथे मुलांचा वाढदिवस, कोणाचं गाणं, काहीही चालू असलं तरी हा फोन आधी.

काही जण म्हणतील, एवढं मोठं रान, आपल्या चार पोळ्यांनी काय होणार. १८९८ साली हे राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवलं गेलं, क्षेत्र सुमारे ५०,००० हेक्टर. मोठंच आहे. पण नकाशा बघा. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं हे दक्षिण टोक, तिन्ही बाजूंना बास सामुद्रधुनी, आणि मागे जमिनीला जोडणारी यानाकीची वाळूची पट्टी. पलीकडे शेतं आहेत. म्हणजे जवळजवळ बेटच. २००९ च्या फेब्रुवारीत वीज पडून आग लागली तेव्हा २५,००० हेक्टरांहून जास्त रान जळालं, अर्धं उद्यान. २०११ च्या मार्चमध्ये एका दिवसात इतका पाऊस झाला की पूल गेले आणि तळावरच्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. माणसांना हेलिकॉप्टर होतं. प्राण्यांना जायला दुसरी जागा नव्हती, आजही नाही.

आणि माणसाने तिथे आधी काय केलं हेही मुलांना सांगायला हवं. सीलर्स कोव्ह हे तिथल्या एका खाडीचं नाव कानाला छान वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कातड्यांसाठी सील मारणारे लोक तिथे उतरत, त्यांच्यावरून ते पडलं. त्यांनी या किनाऱ्यावरचे सील जवळजवळ संपवले. आज दक्षिणेकडच्या कनोवना बेटावर ते पुन्हा वीण घालतात, बोटीने गेलात तर दिसतात. त्याआधी हजारो वर्षं गुनाईकुर्नाई, बूनवुरुंग आणि बुनुरोंग हे इथले मूळ लोक या किनाऱ्यावर राहिले, जेवले. त्यांच्या जेवणातल्या शिंपल्यांचे ढीग वाळूत आहेत, काही ६,५०० वर्षांइतके जुने. तेही समुद्राकाठी जेवलेच होते. सीलच्या वसाहती आणि वॉम्बॅट दोन्ही त्यांच्या सोबत टिकून राहिले.

आपल्याशी जोडलेली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. प्रॉमच्या झुडपांत संध्याकाळी एक ठेंगणं, तपकिरी हरीण दिसतं. 'किती गोड' म्हणून आपण फोटो काढतो. तो पाढा आहे, आपल्याकडच्या गंगेच्या खोऱ्यातला, तराईतला. १८६०च्या दशकात इंग्रजांनी शिकारीची मौज म्हणून त्याला व्हिक्टोरियात आणून सोडलं. इथली झाडी त्याच्या दातांसाठी घडलेली नाही, म्हणून तो ती ओरबाडून टाकतो, आणि आता त्याला आवर घालणं हे उद्यानवाल्यांचं कायमचं काम झालं आहे. कोल्हे आणि रानमांजरं त्याहून घातक. २०२१ साली राज्य सरकारने यानाकीच्या पट्टीवर या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सुमारे १० किलोमीटर लांबीचं, कोल्ह्या-मांजरांना न ओलांडता येणारं कुंपण घालायचं जाहीर केलं, आत पूर्वीचे हरवलेले प्राणी परत आणता यावेत म्हणून. इतके पैसे, इतके कष्ट त्या पट्टीवर लागतात. त्याच पट्टीवरून आपण पोळीचा डबा घेऊन आत जातो.

अंताक्षरीबद्दल लिहू की नको असा विचार करत होते. लिहिते. ती संध्याकाळी जेवणाआधी घेऊ या. स्पीकर आणूच नका. जेवणं लवकर उरका, भांडी घासून डबे गाडीत ठेवा, आणि मग दिवे मालवून बसू. दहा मिनिटं मुलं चुळबुळ करतील. मग आवाज येतो, करकर, करकर, कोणीतरी अगदी तंबूला लागून गवत ओरबाडून चावतंय असा. ते त्याचं जेवण असतं, आपण न दिलेलं. २०२२ साली माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. टॉर्चला लाल कागद लावून तो असाच अर्धा तास बसला. वॉम्बॅट चरत चरत चार हातांवर आला आणि वळला, तेव्हा मागच्या दोन पायांमधून एक छोटंसं नाक बाहेर आलं. वॉम्बॅटची पिशवी मागच्या बाजूला उघडते, आई माती उकरते तेव्हा ती पिल्लाच्या तोंडावर उडू नये म्हणून. आई गवत खात होती, पिल्लू पिशवीतूनच खालचं गवत हुंगत होतं. मुलाने माझा हात इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. त्याने ना फोटो काढला, ना तो पुढे सरकला. दुसऱ्या दिवशी त्याने आजीला व्हिडिओ कॉल केला आणि पहिलं वाक्य हे, "आजी, मी त्याला काही दिलं नाही."

त्या फोटोतल्या छोट्यालाही ते नाक बघायला मिळावं असं मला फार वाटतं. त्याच्या आईबाबांना विनंती आहे की त्याला माझ्या मुलाशेजारी बसू द्या, लाल कागद आम्ही आणतो.

तर आता ठरवायचं ते ठरवू. प्रत्येक कुटुंबाने एक घट्ट झाकणाचा मोठा डबा आणावा, कमी पडले तर माझ्याकडे चार जादा आहेत. दिवसा निघताना आणि रात्री झोपण्याआधी कोणीतरी सगळ्या तंबूंवरून एक फेरी मारून खायचं काही राहिलं नाही ना हे बघावं, पहिल्या दिवसाची पाळी माझी. स्क्वीकी बीचला जाल तेव्हा चपला हातात घ्या, तिथली वाळू गोल, स्वच्छ स्फटिकांची आहे, कोरडी असेल तर पाय घासताच चिरचिरते. तिथे सीगल्स डब्यावर झडप घालतात, म्हणून खाणं नेऊच नका, पाणी न्या. पायवाटेवर टायगर स्नेक असू शकतात, मुलांना पुढे पळू देऊ नका. ज्यांना पाठीवर सामान घेऊन आतल्या तळांवर एक रात्र काढायची आहे त्यांनी आधी परमिट बघावं, फक्त गॅसवर स्वयंपाक, आणि कचरा परत पाठीवरच. तिथे रात्री उंदराएवढे प्राणी पिशवी कुरतडतात, तेव्हा तंबूत शेंगदाण्याचा दाणाही नको.

तो फोटो मात्र काढून टाकावा ही हात जोडून विनंती. नवीन माणसं तो बघून पोळी घेऊन निघतील.

मिसळीचा रस्सा शुक्रवारी दुपारपर्यंत आमच्याकडे पोहोचवा. माझ्या डिकीत कुलूप लावून नेते. सातला फिश क्रीकला चहा, तिथून सगळ्या गाड्या एकामागोमाग, आमची सगळ्यांत पुढे, आणि कृपया मला ओव्हरटेक करू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली,
यादीतल्या सातव्या तंबूतली